आग्रा रोड पायी: धुळ्यात अठरा जणांना घेऊन चालले, त्याची हकीकत

धुळ्यात कुणी विचारलं, "कुठं चाललात?" तर "आग्रा रोडला" हे उत्तर हमखास मिळतं. म्हणजे साडी घ्यायला, चप्पल बदलायला, लग्नाचा बस्ता बांधायला. मलाही लहानपणी आग्रा रोड हे बाजाराचंच नाव वाटायचं. बाबांचं भाड्याच्या सायकलींचं दुकान त्या भागात होतं, शाळा सुटली की मी तिथे जाऊन बसायची. आठवीत भूगोलाच्या नकाशावर मुंबई-आग्रा महामार्गाची लाल रेघ धुळ्यातून वर जाताना पाहिली आणि संध्याकाळी बाबांना विचारलं, "आपला आग्रा रोड खरंच आग्र्याला जातो?" ते म्हणाले, "जातो म्हणजे? त्याचसाठी तर झाला."

१९ जानेवारी २०२५ च्या रविवारी मी अठरा जणांना घेऊन धुळे रेल्वे स्थानकापासून पांझरा नदीच्या पुलापर्यंत चालले. या शहरात माणसं आणि माल कसकसे आले-गेले ते वाटेत थांबून थांबून सांगितलं. मी एका शाळेत ग्रंथपाल आहे. अनोळखी मोठ्या माणसांपुढे उभं राहून बोलायची सवय नाही. तयारी करताना आपल्याएवढ्या शहरात अशी फेरी काढायची तर पत्र कुणाला द्यायचं, खर्च किती येतो, किती वेळ लागतो हे सांगणारं कुणी भेटलं नाही. म्हणून सगळं तारीखवार लिहून ठेवते आहे.

सुरुवात ऑक्टोबरमध्ये बाबांच्या वहीपासून झाली. दिवाळीची आवराआवर करताना माळ्यावर दुकानाची नोंदवही सापडली. लाल कापडी पाठ, आत शाईचे उभे रकाने: सायकल नंबर, नाव, गेल्याची वेळ, आल्याची वेळ, पैसे. तासाला आठ आणे. एका पानावर ११ नंबरच्या सायकलपुढे "ब्रेक ढिला, स्टेशनला गेली" असं बाबांच्या अक्षरात लिहिलेलं. कुणीतरी गाडी पकडायला गेला असेल, सोबतचा पोरगा सायकल परत घेऊन आला असेल. त्या एका ओळीत स्टेशन, सायकल आणि आग्रा रोड एकत्र आले होते. शहराचा हा इतिहास कुणाच्या पुतळ्याखाली लिहिलेला नाही, तो अशा वह्यांत आणि माणसांच्या बोलण्यात आहे, असं मला तेव्हा वाटलं, आजही वाटतं.

पुढचा महिनाभर वाचन केलं. १८८० चं खानदेश जिल्ह्याचं गॅझेटियर, म्हणजे इंग्रज सरकारचा माहितीग्रंथ, हाताशी होतं. १८१८ मध्ये पेशवाई संपून खानदेश इंग्रजांकडे आला, तेव्हा कॅप्टन जॉन ब्रिग्ज या अधिकाऱ्याने जिल्ह्याच्या ठाण्यासाठी धुळे निवडलं. मुलखाच्या मध्यावर, दक्षिणेतून उत्तरेला जाणारी वाट आणि सुरतेहून बऱ्हाणपूरकडे जाणारी वाट जिथे जवळ येतात अशा ठिकाणी. १८१९ मध्ये गावात माणसं २,५०९ आणि घरं ४०१. व्यापाऱ्यांनी येऊन वसावं म्हणून घरासाठी जागा कायमच्या बिनभाड्याने दिल्या, बांधायला आगाऊ रक्कमही दिली. १८७२ च्या मोजणीत लोकवस्ती १२,४८९ झाली होती. वाट आधी होती, शहर तिच्या काठाला नंतर वाढलं. फेरीत मला सांगायचं होतं ते एवढंच, बाकी सगळं त्याचे पुरावे.

२ डिसेंबरला, सोमवारी, पत्रं दिली. चार ठिकाणी: पोलीस ठाणं, महापालिका, बसस्थानक, रेल्वे स्थानक. सार्वजनिक रस्त्यावरून वीस माणसं पायी जाणार, त्याला परवानगी लागते का इथपासूनच मला माहीत नव्हतं. पोलीस ठाण्यात बसलेल्या ताईंनी नीट समजावलं: ही मिरवणूक नाही, घोषणा नाहीत, रस्ता अडवणार नाही, तर आम्हाला सूचनापत्र द्या. त्यात तारीख, वेळ, मार्ग, अंदाजे संख्या आणि जबाबदार व्यक्तीचा मोबाईल नंबर लिहा. ध्वनिक्षेपक वापरणार का ते स्पष्ट लिहा. मी कमरेला बांधायचा छोटा स्पीकर वापरणार होते, तसं लिहून दिलं आणि साध्या कागदावर हमीपत्र जोडलं.

इथे एक गोष्ट मनापासून सांगते. पत्राच्या दोन प्रती न्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. चारपैकी एका कार्यालयात मी पोच न घेता पत्र टेबलावर ठेवून आले. दहा दिवसांनी गेले तर पत्र सापडेना. "साहेब दौऱ्यावर आहेत" हे दोनदा ऐकलं. तिसऱ्या खेपेला नवीन पत्र दिलं, थेट बारनिशीत (आवक-जावक टेबलावर), आणि पोच घेतली. या सगळ्यात फेरीची पहिली तारीख, २९ डिसेंबर, हातची गेली. तोवर अकरा जणांनी नावं दिली होती. प्रत्येकाला फोन करून सांगताना फार ओशाळं वाटलं. त्या रात्री हे सगळं सोडून द्यावं असं मनात आलं होतं. भाचा म्हणाला, "मावशी, तारीख बदलली, रस्ता थोडाच हलला?" मग १९ जानेवारी ठरवली. म्हणजे संक्रांतही होऊन जाते आणि शाळांची स्नेहसंमेलनंही.

रेल्वे स्थानकावर उत्तर लगेच मिळालं: प्रत्येकाचं फलाट तिकीट काढा, कामात अडथळा नको, व्यावसायिक चित्रीकरणाला वेगळी परवानगी लागते. आम्ही ठरवलं की फलाटावर सगळ्यांनीच मोबाईल खिशात ठेवायचे.

५ जानेवारीला घरच्यांना घेऊन सराव केला. अकरा थांबे ठरवले होते. तीन तास चाळीस मिनिटं लागली आणि शेवटी आईला रिक्षात बसवून घरी पाठवावं लागलं. नकाशावर चार किलोमीटर दिसतं, पण थांबत, बोलत, रस्ता ओलांडत चाललं की ते दुप्पट होतं. अकराचे सात थांबे केले. जे गाळले त्याचं वाईट वाटलं, पण थकलेल्या माणसाच्या कानात काही शिरत नाही. त्याच दिवशी वाटेतली स्वच्छतागृहं मोजून ठेवली. ती कमी आहेत आणि रविवारी सकाळी काही बंद असतात. बायका, म्हातारी माणसं बरोबर असणार तर हे आधी बघाच.

१९ ला साडेसातला जमायचं होतं. जानेवारीतली धुळ्याची थंडी म्हणजे चेष्टा नाही. सात वाजता स्टेशनबाहेर चहाच्या गाडीपाशी मी, भाचा आणि माझी एक मैत्रीण असे तिघंच होतो. नावं दिली होती तेवीस जणांनी. पावणेआठपर्यंत अठरा आले: पाच कॉलेजची मुलं, दोन शिक्षक, देवपूरचं एक निवृत्त जोडपं, एसटीतले एक जुने वाहक, बाकीचे व्यापारी, गृहिणी, आणि हातात काठी घेतलेले एक आप्पा. आप्पांनी ट्रक चालवण्यात आयुष्य घालवलं होतं. ते कुणाच्या ओळखीने आले ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. सर्वात मागे चालायला भाच्याला ठेवला, हातात लाल रुमाल देऊन. पुढचा माणूस महत्त्वाचा वाटतो, पण गट सांभाळतो तो मागचा.

एकवीस फलाट तिकिटं काढून आत गेलो. माझा आवाज पहिल्या पाच मिनिटांत कापत होता. कागदावरचं वाचायला लागले आणि मलाच ते कोरडं वाटलं. मग कागद पिशवीत टाकला आणि रुळाकडे बोट केलं. "हे रूळ इथे संपतात. पुढे जात नाहीत. असं का?" सगळे वाकून बघायला लागले.

मुंबईहून निघालेला मोठा लोहमार्ग १८६० च्या दशकात खानदेशात आला, पण तो चाळीसगाव, पाचोरा, जळगाव, भुसावळ असा गेला. धुळे बाजूला राहिलं. चाळीसगावहून धुळ्याला फाटा यायला १९०० साल उजाडलं. मधली जवळजवळ चाळीस वर्षं धुळ्याच्या आसपासचा कापूस बैलगाड्यांत भरून, सुमारे ३५ मैल हाकत, चाळीसगावच्या गाडीपर्यंत पोचवावा लागत होता. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात तिकडचा कापूस अडला आणि आपल्या कापसाला भलताच भाव आला, तेव्हाची गर्दी डोळ्यांपुढे आणून बघा. आगगाडी आली की बैलगाडी संपली, असं आपण सहज म्हणतो. इथे उलट झालं, आगगाडीने बैलगाड्यांना काम दिलं. पोचायला एक ठिकाण मिळालं ना!

मग या फाट्यावरच्या स्थानकांची नावं मी मोठ्याने म्हटली: जामदा, राजमाने, मोरदड तांडा, शिरूड, बोरविहीर, मोहाडी प्रगणे लळिंग, धुळे. दोन नावांपाशी थांबले. परगणा हा जुन्या वसुलीचा विभाग. सरकारदरबारी तो आता उरला नाही, पण मोहाडीच्या पाटीवर अजून आहे. आणि तांडा. बैलांच्या पाठीवर गोण्या लादून मीठ-धान्य मुलूखभर फिरवणाऱ्या बंजारा लोकांच्या काफिल्याला तांडा म्हणत. सडका आणि रूळ झाले, तसा त्यांचा तो धंदा बसला, तांडे एका जागी स्थिरावले. ज्या आगगाडीने त्यांचं काम नेलं, तिच्याच एका थांब्याला त्यांच्या वस्तीचं नाव आहे. हे सांगताना मला गलबलून आलं. कॉलेजच्या मुलांमधली एक मुलगी म्हणाली, "मॅडम, आमचा तांडा त्याच बाजूला आहे. आजोबा सांगायचे बैलांचं, मला ती गोष्टच वाटायची." तिच्याकडून अजून ऐकायचं होतं, पण पुढे निघायची वेळ झाली होती. पुढच्या खेपेला स्टेशनवर पंधरा मिनिटं जास्त ठेवणार आहे.

निघताना एका शिक्षकांनी मनमाड-इंदूर मार्गाचं विचारलं. केंद्राने २ सप्टेंबर २०२४ ला त्या ३०९ किलोमीटरच्या मार्गाला मंजुरी दिली, बोरविहीर ते नरडाणा या तुकड्याचं काम आधीच हाती घेतलेलं आहे. म्हणजे एवढ्या वर्षांनी धुळ्याचे रूळ तापी ओलांडून उत्तरेला निघणार. सगळ्यांचे चेहरे खुलले. या विषयावर धुळ्याचा माणूस थंड राहूच शकत नाही.

बसस्थानकावर फार बोलायचं नव्हतं. १ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर अशी पहिली एसटी धावली, एवढंच सांगून मी वाहक काकांना पुढे केलं. त्यांनी तिकिटांची पेटी कशी धरायची, गड्ड्या कशा लावायच्या, चिमट्याने टकटक करत मागपर्यंत कसं जायचं ते हातांनी करून दाखवलं. "चिमट्याच्या आवाजावरून झोपलेला माणूस सुट्टे काढायचा," म्हणाले. टपावरच्या ट्रंका, गाठोडी, एखाद्या खेपेला कोंबड्यांची टोपली. काका इतके रंगले की वीस मिनिटं गेली. मी मधे बोलले नाही. त्यांच्याकडून मिळालं ते कुठल्याही कागदात नव्हतं.

आग्रा रोडला लागलो तेव्हा नऊ वाजत आले होते. रविवारची सकाळ मी मुद्दाम निवडली होती. शटर खाली असतात, गर्दी नसते आणि मान वर करून पाहायला जागा मिळते. रोज आपण दुकानाच्या काचेत बघतो, वरच्या मजल्याच्या लाकडी खांबांकडे, सज्जांकडे कुणाचं लक्ष जात नाही. पाचकंदील चौकात उभं राहून महामार्गाच्या नंबरांची गोष्ट सांगितली. धुळ्यात तीन राष्ट्रीय महामार्ग भेटायचे: मुंबई-आग्रा ३, सुरत-नागपूर-कोलकाता ६ आणि सोलापूरकडचा २११. २०१० मध्ये नंबर बदलले. आता नाशिककडचा तुकडा ६०, इंदूरकडचा ५२ आणि सुरत-नागपूरचा ५३. एकसंध तीन नंबर आपल्याकडे राहिला नाही. ट्रकही आता शहराबाहेरून जातात. बाजारात राहिलं ते नुसतं नाव.

"३ नंबर म्हटलं की आम्हाला अजून हाच रस्ता," आप्पा म्हणाले. तोवर ते एक शब्द बोलले नव्हते.

इथेच मी बाबांची वही काढली आणि एक पान वाचून दाखवलं. भाड्याच्या सायकलवर शिकलेले, गुडघे फोडलेले त्या गटात निम्मे तरी होते. निवृत्त जोडप्यातल्या काकू म्हणाल्या, त्यांच्या माहेरी मुलींना सायकल भाड्याने देत नसत, भावाच्या नावावर घ्यावी लागायची. बाबांच्या वहीत मी घरी येऊन पुन्हा पाहिलं. शंभरेक नोंदींच्या पानांत एकाही बाईचं नाव नाही. हे मला आधी दिसायला हवं होतं.

तिथून नंबरांच्या गल्ल्यांमध्ये शिरलो. गल्ली नंबर एक, दोन, तीन असे पत्ते आपल्याला इतके सवयीचे आहेत की बाहेरगावचा पाहुणा हसला की आपण चकित होतो. ब्रिग्जच्या काळापासून वाढलेली ही नवी पेठ सरळ रेघांत आहे. जुन्या धुळ्यात गेलं की वाटा लगेच वळायला लागतात. दोन्हींतला फरक पायांनी अनुभवला की कुठलंही व्याख्यान लागत नाही.

सर्वात जास्त वेळ मात्र गेला एका लोहाराच्या भट्टीवर. हे काका आता खिडक्यांच्या जाळ्या वेल्डिंग करतात. पण त्यांच्या अंगणात भिंतीला टेकवून बैलगाडीचं एक चाक ठेवलेलं आहे. आदल्या आठवड्यात जाऊन मी त्यांना विचारून आले होते. चाकाचा तुंबा, त्यात रोवलेले आरे, बाहेरचे पाटे आणि सगळ्यांवरून लोखंडाची धाव. मी माझ्या टिपणातून वाचून सांगितलं, "ही धाव खिळ्यांनी ठोकतात." काकांनी मान हलवली. "खिळानं काय व्हस, ताई? लोखंडच लाकडाले धरी ठेवस."

आणि त्यांनी समजावलं. धाव चाकाच्या घेरापेक्षा मुद्दाम किंचित लहान करतात. मग ती जमिनीवर आडवी ठेवून तिच्यावर गोल गोवऱ्या रचून पेटवतात. लालबुंद झाली की लोखंड पसरतं, घेर वाढतो. तीन-चार माणसं सांडशीने उचलून ती चाकावर बसवतात, घणाने चारी बाजूंनी ठोकतात आणि लाकूड जळायच्या आत बादल्यांनी पाणी ओततात. वाफ उठते, लोखंड आक्रसतं आणि सगळं चाक आवळलं जातं. सांधे करकर वाजतात. "तो आवाज आला की समजायचं, चाक झालं," काका म्हणाले. त्यांनी एका आऱ्यावर बोटाच्या पेरानं टिचकी मारली, मग दुसऱ्यावर. पहिल्याचा आवाज टणक होता, दुसऱ्याचा बसका. त्या आऱ्याला कीड लागली होती. मुलांनी एकेक करून टिचक्या मारून पाहिल्या. मी टिपणातली ती ओळ तिथेच खोडली. "आते ते काम ऱ्हायनं नही," असं म्हणत त्यांनी चाकावरची धूळ फडक्याने पुसली.

माझी चूक सगळ्यांसमोर निघाली याचं त्या क्षणी ओझं वाटलं नाही. उलट त्यानंतर लोक मोकळेपणाने बोलायला लागले. तुम्ही अशी फेरी काढणार असाल तर एखादं काम हातांनी केलेलं माणूस वाटेत नक्की ठेवा, आणि त्यांना मानधन द्या. काका नको म्हणत होते. मी पाकीट चाकाच्या तुंब्यावर ठेवून आले.

तिथे पोहे-चहा झाला. खरं तर तो अर्धा तास आधी व्हायला हवा होता. काकूंना जरा गरगरल्यासारखं झालं, घडीची खुर्ची आणि गूळ-शेंगदाणे कामाला आले. सकाळी उपाशी येऊ नका, हे नाव नोंदवतानाच सांगा.

पुलाकडे जाताना चिमठाण्याची गोष्ट सांगितली. १९४४ च्या एप्रिलमध्ये धुळ्याहून नंदुरबारकडे मोटारीने निघालेला सरकारी खजिना स्वातंत्र्यसैनिकांनी चिमठाण्याजवळ लुटला. सुमारे साडेपाच लाख रुपये. सरकारचा पैसा कुठल्या सडकेने, कसल्या वाहनातून जातो हे ज्यांना नीट ठाऊक, त्यांनाच असा बेत जमतो. वाट ओळखणं हीसुद्धा लढ्यातली एक ताकद होती.

पुलावर पोचलो तेव्हा साडेअकरा वाजले होते, ठरल्यापेक्षा पाऊण तास उशीर. तेराजण उरले होते. पांझरेला पाणी जेमतेम होतं. याच नदीला १८७२ च्या सप्टेंबरमध्ये मोठा पूर आला आणि शहरात घरादारांची पडझड झाली. एका मुलाने विचारलं, पूल नव्हता तेव्हा गाड्या कशा जायच्या? पात्रातूनच. पाणी उतरेपर्यंत थांबायचं, बैल सोडून काठाला मुक्काम करायचा. थांबलेल्या माणसांना लागतं ते सगळं मग काठावर विकायला येतं, दाणा-वैरणीपासून नालापर्यंत.

माझं बोलणं संपलं होतं. आभार मानायचे होते, पण कसं संपवावं ते सुचेना. समोर देवपूर, त्यापलीकडे नगावबारी, त्यापुढे सडक. मी सहज आप्पांना विचारलं, "आप्पा, इथून पुढे आग्र्यापर्यंत कोणकोणती गावं लागतात हो?"

आप्पांनी काठी कठड्याला टेकवली, उत्तरेकडे तोंड केलं आणि सुरू झाले. सोनगीर. नरडाणा. शिरपूर. पळासनेर. सेंधवा. जुलवानिया. ठिकरी. खलघाट, "तिथं नर्मदा." धामनोद. मानपूर. इंदूर. देवास. शाजापूर. ब्यावरा. गुणा. शिवपुरी. ग्वाल्हेर. मुरैना. धौलपूर, "तिथं चंबळ." आग्रा. प्रत्येक नावानंतर अर्धा श्वास थांबत होते, जणू गाडी तिथून जाऊ देत होते. पुलावरून दुचाक्या हॉर्न वाजवत जात होत्या, पण आमच्यातला कुणी हलला नाही. स्टेशनवर भेटलेली ती मुलगी ओठांतल्या ओठांत नावं पुन्हा म्हणत होती.

हिशेब देते, कारण मला तोच कुठे मिळाला नव्हता. चार पानी नकाशाच्या तीस प्रती २४० रुपये, स्पीकरचं भाडं ३००, फलाट तिकिटं २१०, पोहे-चहा ८४०, पाण्याचे दोन जार ८०, प्रथमोपचाराचं सामान १८५, कार्यालयांच्या खेपांचं रिक्षाभाडं २६०, मानधन ३००. एकूण २,४१५. वर्गणी विद्यार्थ्यांना ५० आणि इतरांना १०० ठेवली होती, जमले १,५५०. वरचे ८६५ मी घातले. पुढच्या वेळी नकाशा दोनच पानांचा करणार. पहिल्या पत्रापासून फेरीपर्यंत सात आठवडे गेले. तुम्ही दहा धरून चाला.

पुढची फेरी मार्चच्या आत घ्यायची आहे, ऊन तापायच्या आधी. सूचनापत्र पुन्हा द्यावं लागेल, जुनं चालत नाही, हे पोलीस ठाण्यात विचारून घेतलं आहे.

आप्पांची यादी मी त्याच रात्री बाबांच्या वहीतल्या एका कोऱ्या पानावर उतरवून काढली. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला अनोळखी नंबरवरून फोन आला. "ताई, पळासनेर आणि सेंधव्याच्या मधे बिजासन घाट राहिला," आप्पा म्हणाले. "लिहून घ्या. तिथं गाडी गरम व्हायची, थांबावंच लागायचं."

दोन ओळींच्या मधे जागा कमी होती. बारीक अक्षरात लिहिलं.